वेग कोणाच्या चौकटीतला?

नाशिकरोड-मनमाड मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी, समोरून तितक्याच वेगाने येणाऱ्या प्रवाशाला ताशी २०० ची भासते. वेग नेहमी कुठल्या तरी संदर्भचौकटीतच मोजला जातो.

प्रकाशवेगाजवळ मात्र ही बेरीज चालत नाही. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतानुसार, जमिनीवरून पाहता प्रत्येकी ०.७५ प्रकाशवेगाने समोरासमोर येणाऱ्या यानांचा सापेक्ष वेग ०.९६ प्रकाशवेगच भरतो.

या सिद्धांताचा पुरावा नाशिकच्या आकाशातूनही बरसतो. सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मणारे म्यूऑन कण स्थिर असताना सरासरी २.२ मायक्रोसेकंदच टिकतात; तेवढ्यात प्रकाशही जेमतेम ६६० मीटर जातो. तरी अनेक म्यूऑन जमीन गाठतात. आपल्या चौकटीत त्यांचे घड्याळ मंदावते, त्यांच्या चौकटीत वातावरणाची जाडी आकसते. अशा कणांवरून सापेक्षता पडताळता येईल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच सुचवले होते.