खाजनाचा बांध फुटला की नुकसान फक्त शेताचे होत नाही

उधाणाला बांध फुटला, खारे पाणी शेतात घुसले, अशा बातम्या गोव्यात वरचेवर येतात. वाचणाऱ्याला वाटते, हा शेतकऱ्याचा प्रश्न. पण हाच मातीचा बांध गावालाही पुरापासून वाचवतो. कसा, ते समजून घेऊ.

मांडवी, झुवारी आणि इतर नद्यांच्या खाड्यांकाठी मिळून गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टीत ती बरीच. यातली पुष्कळ जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली. चिखल, पेंढा आणि दगड घालून केलेला बांध खाडीला बाहेर थोपवतो.

बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात. ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर जाते. वीज नको, पंप नको.

मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर? मानस बंद असते. तेव्हा पावसाचे पाणी पोंय नावाच्या खोलगट तळीत आणि सखल शेतात साठते, ओहोटी लागली की निघून जाते. ते काही तास शेत पाणी धरते, म्हणून ते घरात शिरत नाही. खाजनात भराव टाकला की ही जागाच कमी होते.

मग बिघडते कुठे? खेकडे बांधाला भोके पाडतात. बार्जच्या लाटांनी माती सुटते. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. जास्त मासळीसाठी दारे नको त्या वेळी उघडी ठेवली की खारे पाणी आत येते. पूर्वी बांधांची देखरेख कोमुनिदाद करायची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. आता शेते पडीक राहतात, त्यामुळे बांधावरून रोज फिरणारेच कमी झाले.

हिशेब साधा आहे. भोक लहान असताना ओहोटीच्या वेळेत चार माणसे चिखल भरून ते बुजवतात. तेच फुटले की यंत्र, अंदाजपत्रक, निविदा आणि तोवर दिवसातून दोनदा भरती. दुरुस्ती लांबली तर शेतात खारफुटी उगवते आणि ती परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे शेत गेलेच.

म्हणून बांध पाहायचा तो पावसाळ्याआधी. आणि फक्त कुळांनी नव्हे, सगळ्या गावाने.