ईश्वराची कल्पना आणि ख्रिस्ती नीतिविचार

ख्रिस्ती नीती म्हणजे प्रेम आणि क्षमा, एवढे सांगून आपण वर्गात बहुधा पुढच्या मुद्द्याकडे वळतो. विधान चूक नाही, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. एकाच बायबलच्या आधारे गुलामगिरीचे समर्थन झाले आणि त्याच बायबलच्या आधारे तिच्याविरुद्ध चळवळही उभी राहिली. ग्रंथ एक असताना आचार इतके भिन्न का? या प्रश्नाचे एक उत्तर ईश्वराच्या कल्पनेत सापडते. गोव्यात किंवा बेळगावात आपल्यासमोर ख्रिस्ती विद्यार्थीही बसलेले असतात. नारायण वामन टिळकांची कविता शिकविताना आपण त्यांच्या धर्माविषयी काय बोलतो, याकडे त्यांचे लक्ष असतेच.

तात्त्विक पातळीवर हा वाद जुना आहे. तेराव्या शतकातील टॉमस अक्वायनसच्या मते ईश्वराने सृष्टी विवेकाने रचली, म्हणून भले-बुरे ओळखण्याची शक्ती मानवी बुद्धीतही आहे. पुढच्या शतकातील विल्यम ऑफ ऑकमने भर दिला तो ईश्वराच्या इच्छेवर. त्याची आज्ञा हेच चांगल्याचे प्रमाण. इल्मे कलामशी परिचय असलेल्या वाचकाला येथे ‘हुस्न व कुब्ह’चा वाद आठवेल. मुअ्तजिला बुद्धीच्या बाजूने बोलत, तर अशअरी आज्ञेच्या बाजूने. दोन्ही परंपरांची चौकट वेगळी असल्याने हे साम्य फार ताणू नये; पण शिकविताना ते निश्चित उपयोगी पडते.

सामान्य श्रद्धावान मात्र अक्वायनस वाचून वागत नाही. त्याच्या मनात एक प्रतिमा असते. अमेरिकेतील पॉल फ्रोझ आणि ख्रिस्तोफर बेडर या समाजशास्त्रज्ञांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हीच प्रतिमा तपासली आहे. त्यांचे प्रश्न मुख्यतः दोन: ईश्वर जगाच्या व्यवहारात लक्ष घालतो का, आणि तो पापाचा न्यायनिवाडा करतो का? उत्तरांवरून त्यांनी चार प्रतिमा मांडल्या. एक सत्ताधीश, एक कृपाळू, एक आज दूर राहून पुढे जाब विचारणारा आणि एक अलिप्त. दोन माणसे एकाच चर्चमध्ये जात असली तरी त्यांच्या मनातला ईश्वर एक असेलच असे नाही. ज्यांचा ईश्वर सत्ताधीश, त्यांचे नैतिक निर्णयही अधिक कठोर असल्याचे त्यांना आढळले.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत या दृष्टीने पाहावा. संपत्ती उधळून परतलेल्या धाकट्याला बाप हिशेब विचारत नाही. तो धावत जाऊन त्याला मिठी मारतो. थोरला रागावतो. त्याची तक्रार अगदी न्याय्य आहे! त्याच्या मनातला बाप मालक आहे आणि आपण त्याचे इमानी चाकर, म्हणून तो श्रमाचा मोबदला मागतो. घर एक, बाप एक, पण नीती दोन. (परीक्षा विभागात काम केलेल्या अध्यापकांना थोरला अधिक जवळचा वाटेल.)

मराठीत तर हा प्रश्न शब्दांपासूनच सुरू होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ओवीत लिहिणाऱ्या या इंग्रज जेझुइटाने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्वीकारला. शब्दाबरोबर त्याची जुनी चित्रेही श्रोत्याच्या मनात आली असणारच.

टिळक (1861–1919) याहून पुढे गेले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला आई आणि गुरू म्हणून हाक मारली. वारकऱ्यांची माउली ख्रिस्ती अभंगात आली. ही केवळ काव्यातली हौस नव्हती असे मला वाटते. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. ज्याने ईश्वराला आई मानले, त्याने मिशनच्या नोंदवहीबाहेरच्या लेकरांनाही घरात घेणे सुसंगतच होते.

पंडिता रमाबाईंचा मार्ग वेगळा. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी धर्मगुरूंच्या शब्दापुढे आपली सद्सद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. एका पुरोहितवर्गाचे जू काढून दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने आज्ञा ईश्वराची, त्याच्या मध्यस्थांची नव्हे.

लक्ष्मीबाई टिळकांनी यातले काहीच तत्त्वज्ञान म्हणून मांडले नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या सोवळे-ओवळे कसोशीने पाळणाऱ्या गृहिणी म्हणून दिसतात. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्यांचे सोवळे काही काळ टिकले. पुढे एकदा त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांत पशुपक्ष्यांसारखा उघड फरक दिसला असता. विचार एवढाच. पण त्याने त्यांचे खाण्यापिण्याचे निर्बंध गळून पडले. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर घेतला.