तारे पाच, पण वजन किती?

‘पत्र्याचा डबा आहे तो, धडकला तर पापड होईल.’ घरात पहिलीवहिली सेकंड हँड हॅचबॅक घ्यायची ठरली की हे ऐकवणारा एक तरी काका निघतोच. त्यावर घरातलं कुणीतरी लगेच मोबाइल काढून क्रॅश टेस्टचे स्टार दाखवतं. गंमत म्हणजे या वादात दोघंही थोडे थोडे बरोबर असतात.

आधी काकांची बाजू. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना भोपळा! पण या निकालातली खरी बातमी स्टारच्या खाली होती. फिगो आणि पोलोचा सांगाडा धडकेनंतरही टिकून होता, त्यांच्यात कमी होती ती एअरबॅगची. पोलोची दोन एअरबॅगवाली गाडी धडकवली तेव्हा तिला चार स्टार मिळाले. अल्टो, नॅनो आणि आय-टेनचा मात्र सांगाडाच कोलमडला होता. त्यांच्यात एअरबॅग बसवूनही उपयोग नाही, असं संस्थेने स्पष्ट सांगितलं. घर पडकं असेल तर उशा चांगल्या असून काय करायचं?

त्यानंतर बरंच काही बदललं. समोरून धडकेची चाचणी सक्तीची झाली, पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग आल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनने पाच स्टार मिळवले, २०२० मध्ये अल्ट्रोझने आणि २०२१ मध्ये पंचने. तिन्ही चार मीटरच्या आतल्या गाड्या. म्हणजे छोटी गाडी डबाच असते, हे आता सरसकट म्हणता येत नाही.

मग स्टार दाखवणारा जिंकला? थांबा.

या चाचणीत गाडी एका जागेवर पक्क्या बसवलेल्या अडथळ्यावर आदळते. त्या धडकेत गाडीला फक्त स्वतःचं वजन आणि स्वतःचा वेग पचवायचा असतो. म्हणजे साधारणपणे तिची टक्कर तिच्याच वजनाच्या जुळ्या बहिणीशी झाल्यासारखी. एक्स्प्रेस वेवर समोर जुळी बहीणच येईल, याची गॅरंटी कोण देणार?

अकरावीच्या फिजिक्समधला मोमेंटम आठवा. हजार किलोची हॅचबॅक आणि दोन हजार किलोची एसयूव्ही, दोघींचा वेग ताशी ५०, टक्कर समोरासमोर. धडकून एकमेकींत अडकल्या तर दोन्ही गाड्या एसयूव्हीच्या दिशेने साधारण १७ च्या वेगाने सरकतील. एसयूव्हीचा वेग ५० वरून १७ वर आला, फरक ३३ चा. हॅचबॅक मात्र ५० ने पुढे जात होती, ती १७ ने मागे ढकलली गेली. फरक ६७ चा, म्हणजे बरोबर दुप्पट. आणि हे सगळं सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात. आतल्या माणसाच्या मानेला आणि छातीला हा फरक सोसावा लागतो. स्टार कितीही असोत, हे गणित बदलत नाही.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ मध्ये हे करूनच दाखवलं. स्मार्ट फोरटू, होंडा फिट आणि टोयोटा यारिस या तिन्ही छोट्या गाड्या अडथळ्यावरच्या चाचणीत ‘चांगल्या’ ठरलेल्या होत्या. मग प्रत्येकीला तिच्याच कंपनीच्या मोठ्या गाडीशी समोरासमोर धडकवलं. निकाल? तिघीही ‘खराब’. स्मार्ट तर मर्सिडीजला धडकून हवेत उडाली आणि सव्वा गिरकी घेऊन पडली. म्हणून दोन गाड्यांचे स्टार बघताना त्या साधारण एकाच वजनाच्या आहेत का, हे आधी बघायचं. छोटीचे पाच आणि दणकट एसयूव्हीचे पाच ही एकच गोष्ट नाही. शोरूममध्ये हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

आता ‘मग घ्या एसयूव्हीच’ असं म्हणणाऱ्यांसाठी. त्याच संस्थेने त्याच वर्षी १९५९ ची अवाढव्य शेवरोले बेल एअर आणि २००९ ची मॅलिबू एकमेकींवर घातल्या. जुन्या गाडीचं ‘लोखंड’ चालकाच्या अंगावर आलं, नव्या गाडीतला डमी पायाच्या किरकोळ दुखापतीवर सुटला. गाडी मोठी असून भागत नाही, तिचा सांगाडा कसा चुरगळतो यावर सगळं ठरतं. आणि आपल्या पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सप्टेंबर २०२२ मध्ये झालेला सायरस मिस्त्री यांचा अपघात सगळ्यांना आठवत असेल. गाडी मर्सिडीजची. त्यात गेलेले दोघेही मागच्या सीटवर होते, आणि दोघांनी बेल्ट लावला नव्हता.

शिवाय जड गाडी आपल्याला जे वाचवते, त्याची किंमत समोरचा मोजतो. युरोपातल्या चाचणीने हे लक्षात घेऊन २०२० पासून नियम बदलला. आता तिथे गाडी १४०० किलोच्या समोरून येणाऱ्या ट्रॉलीवर आदळते आणि तिने समोरच्याचं किती नुकसान केलं याचेही गुण कापले जातात. आपल्याकडे समोरचा बऱ्याचदा कारमध्येही नसतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण गेले, त्यात ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, आपण कोणत्या बाजूला आहोत ते कळेल.

तर, बजेट छोट्या गाडीचंच असेल तर घ्या बिनधास्त, फक्त जरा खोदून विचारा. स्टार कोणत्या वर्षीचे? ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये निकष कडक केले, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे स्टार सारखे नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपही सुरू झालंय, पण ते ऐच्छिक आहे, म्हणजे कंपनीने गाडी दिली तरच निकाल. धडकवलेल्या गाडीत जेवढ्या एअरबॅग होत्या, तेवढ्या तुम्ही बघताय त्या व्हेरिएंटमध्ये आहेत का? आणि सेकंड हँड घेताना मागच्या सीटचे बेल्ट बाहेर ओढून बघा. ते बऱ्याचदा सीटच्या खाली गुडूप झालेले असतात.