कोऱ्या कोपऱ्यांचं मोल
ऑगस्ट २०२२मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ सालचं 'टॉप्स' कंपनीचं कार्ड अमेरिकेत १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. च्युइंगगमच्या पुडीतून मिळणारं कार्ड! ते संचाच्या ज्या भागात होतं, तो बेसबॉलचा हंगाम सरताना बाजारात आला. पोरांचं लक्ष तोवर अमेरिकन फुटबॉलकडे वळलेलं. पडून राहिलेला माल पुढे कंपनीच्या साय बर्गर यांनी चक्क अटलांटिक महासागरात बुडवला. विकली गेलेली कार्डं खिशात कोंबली गेली, रबरानं बांधली गेली, कोपरे झिजले. परीक्षक भिंगाखाली कोपरे, कडा, पृष्ठभाग तपासतात, चित्र नेमकं मधोमध आहे का ते पाहतात आणि दहापैकी गुण देतात. या कार्डाला साडेनऊ मिळाले. पण एवढी किंमत यायला नुसत्या दुर्मीळपणानं भागत नाही. मँटलवर जीव टाकणारी पोरं मोठी होऊन पैसेवाली झाली, हे कारण मला अधिक वजनदार वाटतं.