बदलीचे कोटी कोणाला मिळतात?

मुधोळकर फुटबॉलप्रेमींनो, २०२३ मध्ये सौदीच्या अल-हिलाल क्लबने तेव्हा पॅरिसच्या क्लबकडून खेळणाऱ्या एम्बापेसाठी ३० कोटी युरो देऊ केले होते. ही रक्कम खेळाडूची नसते. करार शिल्लक असताना त्याला सोडायचे म्हणून जुना क्लब ती घेतो. खेळाडूचा पगार वेगळा. एम्बापे बोलणी करायलाही बसला नाही. २०२४ मध्ये करार संपला आणि तो रेआल माद्रिदला गेला, पॅरिसच्या क्लबला बदलीची दमडीही मिळाली नाही!

आपल्या शेजारचंही नाव सांगतो. बासरला गोदावरी ओलांडली की निजामाबाद जिल्हा. तिथली सौम्या गुगुलोत २०२२ मध्ये क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबकडून खेळायला गेली. पैशाचा गाजावाजा नव्हता, पण मला तीच बदली मोठी वाटते. तिचे सामने मुलींना जरूर दाखवा.