पंख सारखे, अंग वेगळे : लिंबूवर्गीय बागेतील फुलपाखरांची ओळख

लिंबू, मोसंबी किंवा संत्र्याच्या रोपवाटिकेत नवती फुटू लागली की तिच्याभोवती काळ्या रंगाची, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची फुलपाखरे घिरट्या घालू लागतात. कुंपणावरील घाणेरीच्या फुलांवरही तशीच फुलपाखरे मध घेताना आढळतात. दोन्ही ठिकाणची फुलपाखरे एकाच जातीची भासली, तरी त्यांतील एकीची अळी कोवळी पाने फस्त करते. दुसरीची अळी लिंबाच्या पानाला तोंडही लावत नाही. ही ओळख चुकल्यास निरुपद्रवी कीटकासाठी फवारणीचा खर्च होतो, किंवा खऱ्या किडीकडे दुर्लक्ष होऊन रोपे निष्पर्ण होतात.

सहज ओळखू येणारे फुलपाखरू

लिंबावरील सर्वपरिचित फुलपाखरू म्हणजे पॅपिलिओ डेमोलियस. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागील पंखाच्या आतील कोपऱ्यात तांबडा ठिपका आणि पंखांना शेपटी नसणे, ही त्याची लक्षणे होत. त्याच्याबाबत सहसा गोंधळ होत नाही.

मादी एक, रूपे तीन

खरा गोंधळ होतो तो कॉमन मॉर्मन अर्थात पॅपिलिओ पॉलिटेस या जातीबाबत. हिचा नर काळा व शेपटीदार असून त्याच्या मागील पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग असते. मादी मात्र तीन रूपांत आढळते. पहिले रूप नरासारखे, दुसरे कॉमन रोझ या फुलपाखरासारखे, तर तिसरे क्रिमझन रोझसारखे असते.

या दोन्ही रोझ जातींच्या अळ्या ईश्वरी अथवा सापसंद या वेलीच्या कुळातील वनस्पतींवर वाढतात आणि त्यांतील विषारी द्रव्ये शरीरात साठवतात. त्यामुळे पक्षी या फुलपाखरांना टाळतात. मॉर्मनची मादी स्वतः विषारी नसते. विषारी फुलपाखराचे रूप घेऊन ती आपला बचाव करते. मादीची ही निरनिराळी रूपे एकाच जातीची असल्याचे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ मध्ये विशद केले. या रूपबदलामागे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक असल्याचे डॉ. कृष्णमेघ कुंटे व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

पंख नव्हे, अंग पाहा

नक्कल पंखांवर हुबेहूब उतरली असली, तरी शरीरावर ती उतरलेली नाही. म्हणून प्रथम फुलपाखराच्या अंगाचा रंग पाहावा.

• कॉमन रोझ : डोके, छातीच्या बाजू व पोटाचे टोक लालभडक, मागील पंखावर मध्यभागी पांढरे, कडेला तांबडे ठिपके, शेपटी असते.

• क्रिमझन रोझ : अंगावर तसाच लाल रंग, पुढील पंखावर रुंद पांढरे पट्टे, मागील पंखावर गडद तांबडे ठिपके.

• मॉर्मनची मादी : पंख वरीलपैकी कोणत्याही रोझसारखे असले, तरी अंग काळे.

फुलपाखरू फुलावर स्थिरावले असता चार-पाच हात अंतरावरूनही हा फरक दिसतो. भ्रमणध्वनीवर बाजूने छायाचित्र घेतल्यास खात्री करणे सोपे जाते. उडण्याची ढब हा दुय्यम पुरावा मानावा. रोझ संथ उडते. मॉर्मनची मादीही एरवी संथ उडते, परंतु डिवचल्यास वेगाने, वेडीवाकडी निघून जाते. पोट वाकवून कोवळ्या लिंबाच्या पानावर अंडे घालणारे फुलपाखरू मात्र रोझ नव्हे, हे निश्चित समजावे.

निर्णय अंडी व अळीवरून

उडणारी फुलपाखरे पाहून फवारणी करू नये. कोवळ्या पानांवर एकेकटी घातलेली फिकट पिवळी, गोल अंडी शोधावीत. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी दिसते. पूर्ण वाढलेली अळी हिरवी होते आणि स्पर्श करताच डोक्यामागून दुर्गंधीयुक्त दुभंगलेले शिंग बाहेर काढते. याउलट रोझची अळी गडद रंगाची व मांसल उंचवट्यांची असून ती ईश्वरीच्या वेलीवर सापडते. तिला हात लावू नये.

रोपवाटिकेत व लहान झाडांवर अंडी-अळ्या हाताने वेचणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क अथवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक वेष्टनावरील मात्रेनुसार सायंकाळी फवारावे. अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकांच्या रक्षणासाठी सरसकट रासायनिक फवारणी टाळावी. मोठ्या झाडांवरील मोजक्या अळ्यांनी सहसा चिंताजनक नुकसान होत नाही. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताची अळीही लिंबाच्याच कुळातील वनस्पतींवर वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत शेतकऱ्यांना ही दोन्ही फुलपाखरे प्रत्यक्ष दाखवावीत. अंग लाल की काळे, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर अनावश्यक फवारणी टळेल आणि खरी कीड वेळीच नजरेस पडेल.