साहस शिकविण्याचा व्यवसाय

पेडणे तालुक्यात मोपा येथे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांहून उंच असे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार आहे. ५ जानेवारी २०२३ रोजी तेथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि या भागातील तरुणांपुढे पर्यटनातील नवे व्यवसाय येऊन उभे राहिले. टॅक्सी आणि हॉटेल यांची चर्चा पुष्कळ होते. सायकलीवरून डोंगररस्त्यांची सफर घडविणे आणि कड्यावर चढावयास शिकविणे हाही त्यांतलाच एक व्यवसाय. पण त्यासाठी काय लागते, हे फारसे कोणी सांगत नाही.

ज्याला उत्तम चढता येते तो उत्तम शिक्षक होतो, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. चढणाऱ्याने स्वतःचा तोल सांभाळला की त्याचे काम झाले. शिक्षकाला मात्र दहा जणांची भीती ओळखावी लागते. घाबरलेला एखादा मुलगा मुका होतो, तर दुसरा उगाच बडबडत सुटतो. आणि मुळीच न घाबरणारा असतो, त्याच्यावर तर सर्वांत अधिक नजर ठेवावी लागते.

सायकलीचेच पाहा. पठारावर चढून जाताना दम लागतो, पण अपघात बहुधा उतारावर होतात. उतरताना शरीराचा भार पुढे झुकतो. अशा वेळी नवशिक्याने घाबरून पुढचाच ब्रेक एकदम दाबला तर तो हँडलवरून पुढे फेकला जातो. जांभ्याचे सुटे खडे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात, आणि पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळे धरते. म्हणून वळण येण्यापूर्वीच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत, अंग मागे न्यावे आणि दोन सायकलींत पुरेसे अंतर ठेवावे, हे आधी सपाटीवर गिरवून घ्यावे लागते. एक जाणता स्वार नेहमी सर्वांच्या मागे असावा. मागे पडलेला विद्यार्थी त्यालाच दिसतो.

चढाईची गोष्ट याहून नाजूक आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. चिरा म्हणून घर बांधावयास तो नामी आहे. परंतु त्याच्या अंगी जागोजागी छिद्रे असतात आणि कडा ठिसूळ निघतात. अशा दगडात ठोकलेल्या खिळ्यावर माणसाचा भार सोपविणे धोक्याचे. तेव्हा पेडण्याच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाकडे किंवा चढाईच्या कृत्रिम भिंतीकडे न्यावे, हे बरे. काळ्या पाषाणातही सुटे दगड असतात आणि कपारींत आग्या मोहोळे असतात. मोहोळ दिसले की त्या कड्याचा बेत सोडून परत फिरावे. पैसे भरून आलेल्या मंडळींना ‘आज चढाई नाही’ असे सांगणे, ही या व्यवसायातील खरी परीक्षा होय. दुसऱ्याचे मूल दोरीला बांधलेले असताना भिडेखातर होकार देता येत नाही.

हे शिक्षण घेण्याची सोय आपल्या देशात आहे. दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था १९५४ साली निघाली. तेनझिंग नोर्गे हे तिचे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ सालची. तेथे प्रथम सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. त्यात ‘अ’ श्रेणी मिळविणाऱ्यालाच पुढच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. त्यातही ‘अ’ श्रेणी मिळाली, की मग शिकवावे कसे याचा निराळा अभ्यासक्रम. चढणे आणि शिकविणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे या क्रमावरूनच दिसते. मुंबईत गिरिविहार ही संस्थाही १९५४ पासूनची. शेजारच्या महाराष्ट्रात २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण ठरून चालकांना नोंदणी सांगण्यात आली. अर्थात नोंदणीचा कागद म्हणजे काही दोरी नव्हे.

मिळकत मात्र हंगामी आहे. पावसाळ्यात कडे निसरडे होतात आणि चढाईचे काम थांबते. म्हणून शहाणा शिक्षक प्रथमोपचार, सायकलदुरुस्ती आणि शक्य तर दोन-तीन भाषाही शिकून ठेवतो.

त्याच्या सामानात सर्वांत महत्त्वाची वस्तू दोरी. प्रत्येक चढाईपूर्वी ती हातभर हातभर चाचपून पाहावयाची. आतला गाभा कोठे पिचला असेल तर तो बोटांनाच कळतो. मोठा झटका बसलेली दोरी वरून नवी दिसली तरी बाद समजावी, आणि न वापरलेली दोरीही साधारण दहा वर्षांनी काढून टाकावी. टाकताना तिचे तुकडे करावेत. अखंड राहिली तर कोणीतरी उचलून नेतो आणि पुन्हा कड्यावर लावतो.